वाढत्या अंगाचे शीड

मुलाचा सदरा शिवायला टाकताना आपल्याकडे शिंप्याला एक वाक्य हटकून सांगितले जाते : "जरा वाढत्या अंगाचा ठेवा हो!" या वाक्यात मराठी माणसाचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. सदऱ्याने दोन दिवाळ्या निभावल्या पाहिजेत, पुढे तो धाकट्याच्या कामी आला पाहिजे आणि कापडवाल्याला पैसे एकदाच मोजावे लागले पाहिजेत. मी स्वतः असल्याच सदऱ्यांत लहानाचा मोठा झालो आणि त्याबद्दल माझी कोणावर फिर्याद नाही. सदरा ढगळ झाला तर बाह्या दुमडता येतात. बूट मोठा झाला तर पुढे कापसाचा बोळा कोंबता येतो. पण हेच वाक्य हल्ली आमच्याकडचे काही हौशी बाप शीड विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन उच्चारू लागले आहेत, आणि तिथे ते निरुपद्रवी राहत नाही. शिडाच्या बाह्या दुमडता येत नाहीत. ते वाऱ्याने भरले की त्याचे सगळे माप एकदम अंगावर येते, आणि ज्याच्या अंगावर येते तो बहुधा बारा-चौदा वर्षांचा पोर असतो. म्हणून या दिवाळीत, खरेदीचे हात सैल सुटलेले असताना, या वाढत्या अंगाच्या शिडाविरुद्ध मी माझी तक्रार वाचकांच्या दरबारात गुदरणार आहे.

"शीड? आणि शहापुरात?" असे आपण विचाराल. अवश्य विचारा. आमचा तालुका डोंगराचा, भाताचा आणि धरणांचा. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे; पुढे वैतरणा आली, भातसा आली. परंतु ते पाणी पिण्याचे आहे. ज्या पाण्याच्या शेजारची आमची गावे आणि पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात, त्या पाण्यात फळ्या लोटून मौज करू द्या, अशी मागणी करायला मी निघालेलो नाही. तेव्हा शहापूर-मुरबाडकडे ज्याला शिडाची हौस असेल त्याला समुद्रच गाठावा लागतो. शहापूरकराने आसनगावला कसारा लोकल धरावी, मुरबाडकराने एस. टी. ने आधी कल्याण गाठावे, कारण मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. मी माझ्या मास्तरकीच्या सुट्ट्यांत गेली आठ वर्षे असाच समुद्रावर जातो आणि दोन तास वाऱ्याशी खेळून रात्रीच्या गाडीने परत येतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, वजन ६२ किलो, आणि या खेळातली योग्यता एका साध्या हौशी माणसाची. पदकवाल्यांना शिकवण्याचा माझा अधिकार नाही. हौशी माणसांशी भांडण्याचा मात्र नक्की आहे.

या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाण्यावर एक लांबरुंद फळी. तिच्या मध्यावर, चहूकडे वळेल अशा सांध्यावर उभी केलेली डोलकाठी. आणि तिच्यावर चढवलेले एक शीड. सुकाणू नाही. शीड पुढे कलवले की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे वळते. हे कलवायचे कशाने? तर बूमने. आंब्याच्या पानाचा नुसता काठ ठेवावा आणि मधले पान कापून टाकावे, तशा आकाराचे हे दोन वाकलेले दांडे असतात. त्यांचे एक टोक डोलकाठीला साधारण छाती-खांद्याच्या उंचीवर आवळलेले असते, आणि दुसऱ्या टोकाशी शिडाचा मागचा कोपरा ताणून बांधलेला असतो. मधल्या भागात शीड उभे आणि बाहेरून दांडा धरून माणूस उभा. होडीत वाऱ्याचा जोर दोरखंड, खुंट्या आणि लाकूड झेलतात. इथे तो माणसाची दोन मनगटे आणि एक कंबर झेलते. एवढे ध्यानात घेतले की माझ्या भांडणाचे मूळ आपल्याला कळेल.

आता प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, कारण गृहस्थ भला आहे आणि त्याचा मुलगा माझा विद्यार्थी आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. तो आमच्या तालुक्यातून गेला आणि जाता जाता काही घरांत जमिनीचे पैसे ठेवून गेला. या गृहस्थाने त्यांतून घर बांधले, गाडी घेतली, आणि मुलाला पाण्याची ओढ आहे हे पाहून त्याला शीडही घेतले. इथवर मी त्याला हात जोडतो. पोराच्या अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज दुसऱ्या कशावर पैसा घालणे म्हणजे पाप, असे मानणाऱ्या बापांत हा बाप उजवाच. पण त्याने घेतले काय? तर साडेआठ चौरस मीटरचे शीड आणि त्याला लागणारा दोन मीटरहून लांब, कार्बनचा, काळाभोर चकचकीत बूम. मुलगा चौदा वर्षांचा आणि वजन ४२ किलो!

दुकानदाराला हे कसे सुचले, याचा मी पुष्कळ विचार केला. या धंद्यात एक ठोकताळा सर्रास वापरतात. चालवणाऱ्याचे वजन किलोत घ्यावे, त्याला १.३४ ने गुणावे आणि वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाने भागावे. उत्तर येईल तितके चौरस मीटर शीड. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. भूगोलाच्या तासाला आम्ही जे खारे वारे शिकवतो, ते मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून सुटतात. त्यांचा एक चांगला दिवस १२ नॉटचा धरू. मुलाचे ४२ किलो घालून हिशेब करा : उत्तर येते ४.७. आता बापाचे ८० किलो घालून करा : उत्तर येते ८.९. म्हणजे दुकानदाराचे गणित चुकले नव्हते. त्याने मुलाकडे पाहिलेच नव्हते. ज्याच्या खिशात पाकीट, त्याचे त्याने माप घेतले आणि त्याच्या लेकराच्या हाती दिले!

पुढे जे व्हायचे ते झाले. पाण्यात पडलेले शीड फळीवर उभे राहून दोरीने वर ओढायचे असते. शिडावर पाणी बसलेले, डोलकाठीच्या खोळीत पाणी भरलेले. मोठ्या शिडाचे हे ओझे तयारीच्या गड्याचीही कंबर बोलते करते. पोराने तीन रविवार ते ओढले. वर आले की वारा भरायचा आणि शीड त्याला उचलून पलीकडे फेकायचे. चौथ्या रविवारी त्याने पोटात दुखते म्हणून सांगितले. आज ते शीड माळ्यावर आहे आणि बाप चारचौघांत म्हणतो, "पोरगं नाजूक निघालं, गुरुजी!"

या वाक्याने माझे डोके फिरते. वस्तू चुकली, माप चुकले, दुकान चुकले. शिक्षा कोणाला, तर पोराला. आणि तीही अशी की ती त्याला जन्मभर पुरेल. मी वर्गात रोज पाहतो. ज्या मुलाला एकदा 'तुला जमणार नाही' म्हणून सांगितले, तो पुढे जमणाऱ्या गोष्टींपासूनही लांब उभा राहतो. माझे भांडण शिडाच्या किमतीबद्दल नाही. बापाचा पैसा, बापाचा खुषीचा मामला. माझे भांडण या वाक्याबद्दल आहे.

मुरबाडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा : गोऱ्ह्याच्या मानेवर थोराड बैलाचे जू ठेवशील का? तो तुम्हाला वेड्यात काढील. पुढे बैल होणारच आहे, म्हणून आतापासून मोठे जू असू दे, असे म्हणणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. लावणीच्या दिवसांत बायका जे इरले पाठीवर घेतात, तेही ज्याच्या त्याच्या पाठीपुरतेच असते. घाटाकडून वारा फिरला की मोठे इरले बाईला बांधावरून ढकलते हे त्यांना ठाऊक असते. वारा आणि अंग यांचे नाते आमच्या शेतात सगळ्यांना कळते. तेच शहाणपण दुकानाच्या काचेसमोर का गळून पडते, हे कोडे मला उलगडत नाही.

आता या बापमंडळींचे मुद्दे एकेक घेतो. ते अगदीच टाकाऊ नाहीत.

पहिला मुद्दा : मुलगा वाढणार आहे, लहान शीड दोन वर्षांत वाया जाईल. यासारखी दुसरी चूक नाही. वरचाच ठोकताळा पुन्हा चालवा. ४२ किलोच्या पोराला १२ नॉटला ४.७ चे शीड लागते. तोच पोरगा ७० किलोचा गडी झाला की २० नॉटच्या सोसाट्याला त्याला तेच ४.७ चे शीड लागते. माणूस वाढतो तसे लहान शीड वाया जात नाही, ते जोराच्या वाऱ्याच्या कामाला लागते. मोठे शीड मात्र तो मोठा होईपर्यंत कोणत्याच वाऱ्याला उपयोगाचे नाही. काटकसर हीच कसोटी असेल, तर वाढत्या अंगाच्या हिशेबाने लहान शीडच घ्यायला हवे.

दुसरा मुद्दा : आपल्याकडे वारा मंद, मोठ्या शिडावाचून फळी हलायची नाही. यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. वरचा ठोकताळा फळी पाण्यावर उचलून घसरत जावी, एवढ्या वेगासाठी आहे. ज्याला तो वेग पेलतो, ज्याला कमरेच्या पट्ट्याने बूमला लटकून भार टाकता येतो, त्या तयार माणसाने मंद वाऱ्यात मोठे शीड जरूर घ्यावे. पण नवशिक्याला तो वेग हवा असतो का? त्याला हवे असते उभे राहणे, वळणे आणि निघाल्या जागी परत येणे. त्यासाठी रुंद, जाड, मधे खाली पाते असलेली फळी घ्यावी, म्हणजे सहा-सात नॉटच्या झुळकीतही मोठ्या माणसाला पाच-साडेपाचचे शीड मजेत फिरवते. पोराला तीन-साडेतीनही पुष्कळ होते. मंद वाऱ्यावरचा उपाय नवशिक्याने फळीत शोधावा, शिडात नव्हे.

तिसरा मुद्दा चित्रांचा : "ऑलिंपिकमध्ये केवढाली शिडे असतात, पाहिली नाहीत का गुरुजी?" पाहिली आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची शिडे ९ आणि बायकांची ८ चौरस मीटरची होती. आपल्या घरातल्या मापात सांगायचे, तर नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि मीटरभराहून थोडे अधिक पन्ह्याचे. म्हणजे ९ चौरस मीटरचे शीड ही जवळजवळ एक अख्खी नऊवारी. आजीचे लुगडे दोन्ही हातांनी ताणून धरून गच्चीवर वाऱ्यात उभे राहून पाहावे, म्हणजे चित्रातल्या माणसाने काय पेलले आहे ते समजते. ती माणसे वर्षानुवर्षे तालीम केलेले गडी. त्यांच्या फळीखाली पाण्यात पंख असतो आणि तो फळीला पाण्याबाहेर उचलतो. तालमीतला हिंदकेसरी खातो तेवढे दूध आपल्या पोराला पहिल्याच दिवशी पाजायचे का?

आणि चित्रेच पाहायची असतील तर दुसरे एक चित्र पाहा. २०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलीने, नेहा ठाकूरने, शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवले. समुद्र तिच्या गावापासून कितीतरी लांब. ती शिकली भोपाळच्या तलावावर. तिच्या होडीचा जो वर्ग आहे त्यात होडीचे अंग एकच ठेवून तीन मापांची शिडे वापरतात : थोरल्या गड्यांना सुमारे ७, मधल्यांना पावणेसहाच्या आतबाहेर आणि हलक्या अंगाच्या मुलामुलींना ४.७ चौरस मीटर. नेहाचे शीड होते यांतले सर्वांत लहान, ४.७ चे! आमच्या ४२ किलोच्या पोराचे उत्तर आठवते ना? अर्ध्या लुगड्याएवढ्या कापडावर ती मुलगी आशियातल्या दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि आमचा पोर अख्ख्या लुगड्याखाली बुडाला. त्याच खेळांत इबाद अलीने विंडसर्फिंगचे कांस्यपदक आणले. यात शिकण्यासारखे काही असेल, तर ते त्या तलावाकाठच्या मास्तरांचे शहाणपण. फळीच्या खेळातही जगभर मुलांच्या शर्यतींचा जो टेक्नो २९३ नावाचा वर्ग आहे, त्यात तेरा वर्षांखालच्यांना ५.८, पंधराखालच्यांना ६.८ आणि सतराखालच्यांना ७.८ अशी पायरीपायरीने शिडे देतात. लक्षात घ्या, ही शर्यतीला उतरणारी, कसलेली मुले. त्यांनासुद्धा वाढत्या अंगाचे शीड कोणी देत नाही.

चौथा मुद्दा कोणी उघड बोलत नाही, पण पहिल्या तिघांचा बाप तोच आहे : "स्वस्तातले घेतले तर लोक काय म्हणतील?" त्याचे उत्तर देण्यासाठी बूमकडे वळावे लागेल, कारण लोकांच्या म्हणण्यावर सर्वांत जास्त पैसा तिथे जातो.

बूम अॅल्युमिनियमचा असतो किंवा कार्बनचा. कार्बनचा हलका, ताठ आणि किमतीला कितीतरी जड. ताठपणा ही खरी गुणवत्ता आहे. बूम वाकला की शिडाचा ताणलेला मागचा कोपरा ढिला पडतो, शिडाचे पोट फुगते, आणि नेमका झोत आला असतानाच ओढ वाढते. पण वाकतो कोणता बूम? लांब बूम. दोन मीटरच्या पलीकडच्या मोठ्या शिडांना आणि भारी गड्यांना अॅल्युमिनियम पुरत नाही, म्हणून त्यांना कार्बन. चार-साडेचारच्या शिडाचा बूम दीड-पावणेदोन मीटरचा. त्यावर हलके पोर लटकले तर अॅल्युमिनियम हूं की चूं करीत नाही. मोठे शीड घेतले म्हणून लांब बूम आला, लांब बूम आला म्हणून कार्बन आला, कार्बन आला म्हणून उसने पैसे आले. एका खोट्या मापाच्या मागे अशी वरातच्या वरात येते.

खरे पाहता हौशी माणसाने उलट्या वाटेने जावे. आधी बूम ठरवावा आणि मग त्यात बसतील तीच शिडे घ्यावीत. प्रत्येक शिडावर त्याला किती लांबीचा बूम आणि कोणती डोलकाठी लागते ते छापलेले असते. दुकानदाराच्या तोंडाकडे पाहण्याआधी तो छाप वाचावा. बूमची शेपटी आतबाहेर सरकते. दीड मीटरपासून दोन मीटरपर्यंत लांबणारा एक साधा बूम घेतला की त्यात साडेचारचे शीड बसते आणि सहाचेही. शेपटी अगदी शेवटपर्यंत ओढून वापरू नये. तसे केले की चांगला बूमही लवलवू लागतो. एका बूमवर आणि एका डोलकाठीवर चालतील अशी दोन शिडे : सारे घर त्यावर खेळते. मुलगा साडेचारवर, बाप सहावर. वारा वाढला की बाप साडेचारवर आणि मुलगा काठावर भेळ खात. हेच पैसे कार्बनच्या एका दांड्यात घातले तर घरातला एकच माणूस पाण्यात जातो, आणि तोही रडत.

मग दांड्याची जाडी. याचा तर कोणी विचारच करीत नाही. कुऱ्हाडीला दांडा बसवताना आमच्याकडचा ठाकूर आधी मूठ वळवून पाहतो. दांडा मुठीत पुरता न मावला तर घाव फुकट जातो आणि तळवा सोलतो हे त्याला ठाऊक असते. बूमचेही तेच. मुलांच्या आणि बायकांच्या पंजाला बारीक दांडा हवा. जाड दांडा धरला की बोटे मिटत नाहीत, कोपरापर्यंत पेटके येतात आणि अर्ध्या तासात हात सुटतो. दुकानात उभ्या-उभ्या पाच मिनिटे दांड्याला लटकून पाहावे. विक्रेता हसला तर हसू द्यावा. डोलकाठीला आवळणारे तोंड आपल्या डोलकाठीच्या जाडीचे आहे ना, तेही तिथेच पाहावे. आणि घरी आल्यावर बूम गोड्या पाण्याने धुऊन शेपटी काढून ठेवावी, नाहीतर मीठ-वाळूने ती आत अशी चिकटते की पुढे ती काढायला लोहारच लागतो.

शिडाच्या कापडाचेही असेच थाटमाट. दुकानात काचेसारखे पारदर्शक शीड टांगलेले असते. ते दिसते झोकदार आणि आकारही चांगला धरते. पण ते उन्हाने कडक होते, घडीवर चिरते आणि शिकाऊ माणूस त्यावर एकदा धपकन पडला की फाटते. विणलेल्या पॉलिस्टर कापडाचे शीड दिसायला साधे. पण ते चुरगळते, सोसते आणि घडी घालून पिशवीत जाते. पलीकडचे दिसण्यापुरती एक खिडकी त्याला असली की झाले. पहिल्या दोन वर्षांना हेच. एवढे करून कसारा लोकलच्या गर्दीत शिरून पाहा! दीड मीटरचा बूम सामानाच्या डब्यात कोपऱ्याला उभा राहतो. सव्वादोन मीटरचा बूम आत आला की अख्खा डबा आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. कोणाला हे हसण्यावारी नेण्याजोगे वाटेल. ज्याला गाडीने दारात उतरायचे आहे त्याला ते वाटणारच. ज्याला रात्री परत येऊन सकाळी शाळा उघडायची आहे, त्याच्यासाठी तो खेळ टिकणार की सुटणार, हे यावरच ठरते.

राहिली प्रतिष्ठा. ज्या बूमसाठी आपण कार्बनचे दाम मोजतो, त्याचा इतिहास पाहावा. अमेरिकेत न्यूमन डार्बी नावाच्या माणसाने १९६४ साली घरगुती फळीवर शीड उभे केले. पुढे कॅलिफोर्नियातल्या हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी वाकड्या बूमची फळी बनवून १९६८ साली पेटंटासाठी अर्ज केला आणि त्यावर मोठा धंदा उभा राहिला. या पेटंटाचा खटला इंग्लंडमध्ये चालला. तेव्हा समोर आले की १९५८ साली हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या पोराने घरीच केलेली असली फळी चालवली होती. त्याच्या बूमचे दांडे साधे, सरळ होते; शीड भरले की ते वाऱ्याने आपोआप बाक घेत. तिथल्या अपील कोर्टाने या पोराच्या फळीचा हवाला घेऊन ते पेटंट रद्द ठरवले. कंपनीच्या बॅरिस्टरांपुढे एका पोराचा दांडा भारी ठरला! त्या पोराचा बाप वाढत्या अंगाच्या शिडासाठी दुकानात गेला असता, तर ही फळी जन्मलीच नसती. पोराने आपल्या हाताला झेपेल तेवढे घेतले आणि त्याला वारा सापडला.

आपल्या बाजूलाही हे ज्ञान नवे नव्हते. शेजारचे कल्याण हे पुरातन बंदर. या समुद्रात फिरणारी अरबांची तिकोनी शिडांची गलबते एका डोलकाठीसाठी लहान-मोठी दोन-तीन शिडे जवळ बाळगीत. वारा चढला की मोठे उतरवून लहान चढवीत. लहान शीड चढवणाऱ्या तांडेलाला कोणी नाजूक म्हटल्याचे मी वाचलेले नाही. त्याला शहाणा म्हणत, कारण त्याचा माल आणि त्याची माणसे घरी पोचत.

आणि घरी पोचणे ही मोठी गोष्ट आहे. दुपारचा खारा वारा निदान किनाऱ्याकडे ढकलतो. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. शीड न पेलणारा पोर त्या वाऱ्यात सापडला, हात सुटले आणि फळी बाहेर निघाली, तर कार्बनचा बूम त्याला परत आणीत नाही. म्हणून नवशिक्याने जमिनीकडच्या वाऱ्यात जाऊ नये, अंगात तरंगते जाकीट असल्याखेरीज फळीवर पाय ठेवू नये, आणि आपल्याला वर ओढता येते त्यापेक्षा मोठे शीड घेऊ नये. पहिल्या दोन गोष्टी सगळे ऐकतात. तिसरी ऐकवण्यासाठी मला हा लेख लिहावा लागला.

शेवटी मुलींविषयी. आमच्या शाळेत डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या मुली आहेत. तोल म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांच्या आयांना मी या खेळाबद्दल सांगितले, तर उत्तर येते, "ते दांडगटांचं काम, गुरुजी. आमच्या पोरीला कुठलं उचलतंय?" त्यांनी पाहिले आहे ते माळ्यावरचे साडेआठचे शीड. साडेतीनचे शीड त्यांना कोणी दाखवलेच नाही. मोठ्या शिडाच्या सोसाने एका पोराचा खेळ गेला, हे दुःख आहेच. पण ज्यांचा खेळ सुरूच झाला नाही, त्या पोरींचा हिशेब कोण देणार?

तेव्हा मायबाप हो, दिवाळी आहे, खुशाल खर्च करा. पोराला सदरा वाढत्या अंगाचा शिवा, फराळाचा डबा वाढत्या पोटाचा भरा. शीड घ्यायचेच असेल, तर आधी सुटीचे चार दिवस शिकवणाऱ्याकडे भाड्याचे शीड घेऊन पोराला पाण्यात उतरवा. मग काट्यावर उभे करा ते पोराला, स्वतःला नव्हे. त्याची मूठ दांड्यावर मिटते का ते पाहा. ते शीड त्याला एकट्याला, कोणाच्या मदतीवाचून, पाण्यातून तीनदा वर काढता आले, तर ते त्याचे. न आले, तर एक माप खाली उतरा, आणि उतरताना पोराकडे रागाने पाहू नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलांना रोज ऐकवतो. निदान शिडाच्या बाबतीत त्यांचे पाय पाहून अंथरूण घ्यावे, एवढेच माझे मागणे आहे.